हरलेल्यांची हास्यमैफल

इंग्लंडांत फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्यें सुरू होतो आणि मे महिन्यांत संपतो. हंगाम संपला, आपला संघ तळाशीं गेला, आशा धुळीस मिळाल्या, कीं तेथील पाठिराखे कधीं कधीं एक चमत्कारिक गोष्ट करतात. एखाद्या पानगृहाची मागची खोली किंवा एखादें सभागृह घेतात, विनोदी वक्ते बोलावतात, आणि ज्या संघानें नऊ महिने आपल्याला रडविलें त्याच्यावर पोट धरधरून हंसतात. सुतकाच्या घरीं वाजंत्री लावावी, तसा हा प्रकार प्रथमदर्शनीं वाटतो. परंतु श्रोतेहो, या हास्याच्या मुळाशीं काय आहे याचा विचार केला, तर तो नुसता थिल्लरपणा नाहीं हें ध्यानांत येईल.

मँचेस्टरचें नांव आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला ठाऊक झालें तें गिरणीच्या कापडामुळें. त्या शहरांत फुटबॉलचे दोन मोठे संघ आहेत: मँचेस्टर युनायटेड आणि मँचेस्टर सिटी. यांपैकीं सिटीच्या पाठिराख्यांचीं विसाव्या शतकांतील शेवटचीं पंचवीस वर्षें पाहिलीं, म्हणजे पराभवांतून हास्य कसें जन्मास येतें तें समजतें. प्रथम एक नियम सांगितला पाहिजे. इंग्लंडांत साखळी सामन्यांच्या एकावर एक अशा श्रेणी असतात. वर्षअखेर वरच्या श्रेणींतील तळाचे संघ खालीं उतरतात व खालच्या श्रेणींतील अग्रेसर संघ वर चढतात. त्यामुळें तेथें वाईट वर्ष म्हणजे केवळ चषक हुकणें नव्हे. खालीं उतरलेल्या संघाचें उत्पन्न घटतें, चांगले खेळाडू निघून जातात, आणि सोमवारीं कामावर जाणाऱ्या पाठिराख्याला शेजाऱ्यांपुढें मान खालीं घालावी लागते.

सिटीचें दैवच मोठें विनोदी. 1937 सालीं हा संघ इंग्लंडचा विजेता ठरला, आणि पुढच्याच हंगामाअखेर, 1938 सालीं, खालच्या श्रेणींत उतरला. तोही त्या वर्षीं आपल्या श्रेणींतील सर्व संघांहून अधिक, म्हणजे 80, गोल करून! 1976 सालीं लीग कप जिंकल्यानंतर 2011 सालापर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षें, एकही मोठा चषक त्याच्या हातीं लागला नाहीं. युनायटेडच्या मैदानांत तर हीं वर्षें मोजणारा फलकच टांगलेला असे. 5 मे 1996 रोजीं लिव्हरपूलशीं 2-2 अशी बरोबरी झाली असतां, एवढ्यावर निभावेल अशी चुकीची वार्ता मैदानांत पोहोंचली. मग सिटीचे खेळाडू कोपऱ्यांतील निशाणापाशीं चेंडू अडवून वेळ काढूं लागले. वास्तविक गरज होती विजयाची! आधींच बाहेर आलेला नायल क्विन कडेनें धांवत येऊन ओरडून सांगूं लागला, पण उपयोग झाला नाहीं. तीन संघांचे गुण सारखेच, 38, भरले आणि गोलांच्या फरकानें सिटी खालीं गेली. पुढें दोन वर्षांनीं, 3 मे 1998 रोजीं, स्टोकवर 5-2 असा दणदणीत विजय मिळवूनही हा संघ तिसऱ्या श्रेणींत उतरला. जिंकून बुडण्याची विद्या साधलेल्या संघाच्या मागें जो उभा आहे, त्यानें हंसूं नये तर काय करावें?

येथें कोणी विचारील कीं, असा संघ सोडून द्यावा, दुसरा धरावा. त्यांत अडचण ती कोणती? दुकानदाराचा माल वाईट निघाला तर आपण दुसऱ्या दुकानांत जातों. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यानें 1970 सालच्या आपल्या ग्रंथांत या प्रश्नाची उत्तम फोड केली आहे. एखादी संस्था घसरणीला लागली कीं तिच्या माणसांपुढें दोन मार्ग असतात: निघून जाणें किंवा आंत राहून आवाज उठविणें. निष्ठा दाट असली कीं पहिला मार्ग अवघड होतो आणि दुसऱ्याला बळ येतें. फुटबॉलच्या पाठिराख्याला पहिला मार्ग जवळजवळ बंदच असतो. त्याचा संघ त्यानें निवडलेला नसतो. बहुधा तो बापाकडून किंवा गल्लीकडून त्याला आलेला असतो. तेव्हां त्याच्याजवळ उरतो तो आवाज. त्या आवाजाचा एक सूर रागाचा, आणि दुसरा विनोदाचा. राग फार वेळ टिकत नाहीं. विनोद पुढल्या ऑगस्टपर्यंत पुरतो.

हा विनोद एका काळीं किती मोलाचा ठरला तें पाहा. 1980 नंतरच्या दशकांत इंग्लंडांत फुटबॉलच्या प्रेक्षकाकडे गुंड म्हणूनच पाहिलें जाई. मैदानांत त्याला लोखंडी कुंपणामागें उभें करीत. ओळखपत्राशिवाय प्रवेशच देऊं नये असा कायदाही 1989 सालीं झाला. याच सुमारास सिटीचे पाठिराखे हवेनें फुगविलेलीं मोठमोठीं केळीं घेऊन सामन्यास येऊं लागले. एकाचें पाहून दुसऱ्यानें, असें करतां करतां 1988-89 च्या हंगामांत पिवळ्या केळ्यांचें रानच उभें राहिलें. 26 डिसेंबर 1988 रोजीं स्टोक येथें तर हजारों लोक सोंगें घेऊन गेले. सामना सिटी हरली, परंतु मौज कमी झाली नाहीं. ग्रिम्सबी या मच्छीमारांच्या गांवच्या लोकांनीं केळ्यांऐवजीं फुगीर मासे आणले. हातांत केळें घेतलेल्या मनुष्याला गुंड म्हणणें कठीण असतें! जी गोष्ट निषेधपत्रांनीं सांगतां आली नसती, ती या थट्टेनें सांगितली: आम्ही माणसें आहोंत. एप्रिल 1989 मध्यें शेफील्डच्या हिल्सबरो मैदानांत, त्या कुंपणांत चेंगरून, लिव्हरपूलच्या 97 पाठिराख्यांचे प्राण गेले. 1990 च्या जानेवारींत न्यायमूर्ति टेलर यांचा चौकशीचा अहवाल आला आणि ओळखपत्रांची ती योजना बाजूला पडली.

आतां अशा मैफलीच्या अलिखित नियमांविषयीं. पहिला नियम असा कीं, थट्टा घरच्याच माणसानें करावी. जें आपण आपल्या भावाविषयीं बोलूं, तें परक्यानें बोललेलें आपल्याला खपत नाहीं. दुसरा, शत्रूच्या आधीं आपणच आपल्यावर हंसावें. मग त्याच्या बाणाला जागाच उरत नाहीं. आपल्याकडे शिमग्याला वर्षाचें मनांतलें एकदां बोलून टाकतात, तसेंच हें. मात्र शिमगा सरला तरी कवित्व उरतें. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: पराभवावर हंसावें, मृत्यूवर नाहीं. 6 फेब्रुवारी 1958 रोजीं म्यूनिक येथें विमान कोसळून 23 जण मेले; त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू होते, आणि वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून गेलेला सिटीचाच जुना गोलरक्षक फ्रँक स्विफ्टही होता. तरीही सिटीच्या कांहीं पाठिराख्यांनीं वर्षानुवर्षें त्या अपघाताची हेटाळणी केली. पुढें 10 फेब्रुवारी 2008 रोजीं, पन्नासाव्या वर्षीं, दोन्ही संघ युनायटेडच्या मैदानावर समोरासमोर आले. हे लोक एक मिनिट तरी गप्प राहतील काय, अशी सर्वांना धास्ती होती. ते राहिले. विनोदाला कोठें थांबावें हें कळणें, हाच त्याच्या सुसंस्कृतपणाचा पुरावा होय.

तिसऱ्या श्रेणींतील त्या हंगामांतही सिटीच्या मैदानावर सरासरी सुमारें 28,000 प्रेक्षक येत असत. 30 मे 1999 रोजीं वेम्ब्लीला जिलिंगहॅमविरुद्ध शेवटच्या मिनिटापर्यंत 0-2 अशी पिछाडी होती. किती तरी लोक उठून निघून गेले, आणि संघ त्यानंतर दोन गोल करून, अखेर पेनल्टींवर जिंकला. 2008 सालीं धनाढ्य मालक आले. 2023 सालीं तर संघानें एकाच हंगामांत तीन मोठे चषक मिळविले. त्या यशाचे धनी पुष्कळ झाले. परंतु जुन्या पाठिराख्याला हा संघ त्याचा आहे हें सांगायला चषकांची यादी लागत नाहीं. त्याच्याजवळ 1996 ची गोष्ट असते. ज्यांनीं एकत्र बसून आपला पराभव हंसून पचविला, त्यांचें नातें विजयानें जोडलेल्या नात्याहून चिवट असतें.