वाल शिजवून का खावेत?

भाताची कापणी झाली, की अंबरनाथ-बदलापूरकडच्या गावांत शेतातल्या ओलीवर वाल पेरतात. पुढे घरोघरी वाल भिजत पडतात. त्यांना मोड येतात. मग ते सोलून बिरडं होतं. फाळणीनंतर सिंधी मंडळी उल्हासनगरला येऊन राहिली. त्यांच्या घरी हरभऱ्याची डाळ शिजवून पकवानाबरोबर खातात. माणसं वेगळी, चवी वेगळ्या. पण एक गोष्ट सारखीच. कडधान्य चांगलं शिजवल्याशिवाय कोणी जेवायला वाढत नाही.

असं का बरं? "कच्चे वाल बाधतात," असं म्हातारी माणसं सांगतात. ते खरंच आहे. पण बाधतात म्हणजे काय होतं? त्यामागचं एक कारण समजून घेऊ. त्यासाठी आधी आपल्या पोटात डोकावलं पाहिजे.

पोटातली कात्री

भाकरीचा एक घास तोंडात घ्या. लगेच गिळू नका. चांगला चावत राहा. थोड्या वेळाने तो गोड लागू लागेल. साखर तर कोणी घातली नाही! मग गोडी कुठून आली? आपल्या लाळेत एक पदार्थ असतो. तो पिठाचे बारीक तुकडे करतो, आणि त्यांतून साखर तयार होते. अशा पदार्थाला विकर म्हणतात. डॉक्टर लोक त्याला एन्झाइम म्हणतात.

आपल्या शरीरात अशी हजारो विकरं आहेत. प्रत्येकाचं काम ठरलेलं. कोणी पीठ तोडतं, कोणी तेल-तूप तोडतं, कोणी डाळीतली प्रथिनं तोडतं. प्रथिनं म्हणजे अंग भरायला लागणारा माल. सुक्या कडधान्यात पाचवा ते चौथा हिस्सा प्रथिनंच असतात.

अंबरनाथला रसायनांचे कारखाने आहेत. तिथे एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करायचा, तर पुष्कळदा बॉयलर पेटवावा लागतो. प्रयोगशाळेत प्रथिनाचे पुरते तुकडे करायचे, तर ते कडक आम्लात टाकून दिवसभर तापवतात. तेसुद्धा उकळत्या पाण्याहून जास्त उष्णतेवर! आपल्या पोटात बॉयलर नाही. अंगाची ऊब असते फक्त ३७ अंश. तरी जेवण काही तासांत पचतं. ही किमया विकरांची. विकर काम घडवून आणतं आणि स्वतः मोकळं होतं. मग लगेच पुढच्या कामाला लागतं.

कुलूप आणि किल्ली

विकर हे काम कसं करतं? त्याचं उत्तर त्याच्या घडणीत आहे.

बहुतेक विकरं स्वतः प्रथिनंच असतात. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. आपल्या जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. तो ट्रिप्सिन नावाचं विकर तयार करतो. त्याच्या माळेत सव्वादोनशेच्या आसपास मणी असतात. ही माळ सरळ लोंबत नाही. ती गुंडाळून तिचा गोळा होतो. त्या गोळ्याला एका जागी खाच पडते. सगळं काम त्या खाचेत चालतं.

डाळीतल्या प्रथिनाची माळ त्या खाचेत येते. तिचा ठरावीक मणी खाचेत नेमका बसतो. खाचेतले तीन मणी मिळून त्याच्या लगतचा दुवा तोडतात. दोन तुकडे बाजूला होतात. खाच रिकामी होते. दुसरी माळ येते. एमिल फिशर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली विकराला कुलपाची उपमा दिली. कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसं विकराला त्याचंच खाद्य लागतं.

आता समजा, कुलपात भलतीच किल्ली घातली आणि ती आत अडकून बसली. मग काय होईल? खरी किल्ली आत जाणार नाही. कुलूप निकामी होईल.

कच्च्या वालात नेमकी अशीच अडकणारी किल्ली असते! तिला आपण अडसर म्हणू. हा अडसर ट्रिप्सिनच्या खाचेत जाऊन बसतो आणि लवकर निघत नाही. मग प्रथिनं नीट तुटत नाहीत. खाल्लेलं अंगी लागत नाही. अमेरिकेत १९१७ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. कच्चं सोयाबीन खाणारे उंदीर नीट वाढले नाहीत. शिजवलेलं खाणारे वाढले. दाणा तोच, फरक फक्त विस्तवाचा.

वालाने हा अडसर का बाळगावा? माणसाला छळायला नव्हे. दाणे खाणाऱ्या किड्यांनाही तो पचू देत नाही. बी स्वतःची राखण करतं, एवढंच.

वालातला अडसर कोणी पकडला?

हे काम एका मराठी बाईंनी केलं. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी. त्यांचा जन्म १९११ सालचा. माहेरचं नाव कमला भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिल्या आल्या. पुढे शिकायला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तिथले संचालक होते थोर शास्त्रज्ञ सर चंद्रशेखर वेंकट रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. मला का घेत नाही, ते सांगा, असा त्यांनी आग्रह धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष पारखून बघण्याचं. त्या वर्षात कमलाबाईंनी असं काम केलं, की रामन यांचं मत बदललं. पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला.

नंतर त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. वनस्पतींनाही श्वास घ्यावा लागतो. त्या कामात भाग घेणारा सायटोक्रोम-सी नावाचा पदार्थ त्यांना बटाट्यात सापडला. १९३९ साली त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता!

मोठ्या देशात नाव झालं, तरी बाई परत आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आपल्या लोकांच्या ताटातलं अन्न तपासायला घेतलं. कडधान्यं, ताडा-माडाची नीरा, भाज्या. १९५५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने वाल आणि डबल बी यांतला अडसर वेगळा काढला. खडीसाखरेसारखे त्याचे शुद्ध स्फटिक केले. लंडनच्या 'नेचर' या नामांकित पत्रात ते काम छापून आलं. आपल्या शेतातला साधा वाल, पण त्याची बातमी जगभर गेली. कमलाबाई १९९८ साली वारल्या.

आपण काय करावं?

अंड्याचा बलक सोडून उरलेला भाग कच्चा असताना पातळ असतो. उकडला की घट्ट होतो. थंड केला तरी पुन्हा पातळ होत नाही. त्याच्या माळांची घडी मोडलेली असते. अडसरही प्रथिनच आहे. वाल उकळले, की त्याचीही घडी बिघडते. मग ती किल्ली कुलपात बसत नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. कडधान्य रात्रभर भिजवा, म्हणजे दाणा आतपर्यंत मऊ शिजतो. मोड आणणं चांगलं. पण नुसत्या मोडांवर विसंबू नका, वाल शिजवाच. दाणा बोटाने सहज दबला, की शिजला असं समजा. गॅस वाचवायला अर्धवट शिजवाल, तर विकत घेतलेल्या डाळीचे पैसे काही अंशी वाया जातील. लहान मूल मुळात खातं थोडं. तेवढं तरी त्याच्या अंगी लागलं पाहिजे.

आजीने "नीट शिजू दे गं" असं सांगितलं, तर तिचं ऐका. आणि कोणी "का?" असं विचारलं, तर आता तुम्ही सांगा.