तिऱ्हाईताची किंमत

पन्हाळ्यावर आषाढातला पाऊस बारीक लागला होता. धुक्यात तीन दरवाजा जेमतेम दिसत होता, आणि भूक मात्र सपाटून लागली होती. जवळच्या एका हॉटेलात पिठलं, भाकरी, खर्डा, दही असं जेवण मागवलं. ताटापाठोपाठ पोऱ्यानं एक कार्डही टेबलावर ठेवलं. वर मोबाइलनं स्कॅन करायचा चौकोन, खाली ओळ : ‘पाच स्टार द्या, एक सोलकढी मोफत.’ शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरांनी लगोलग पाच-पाच स्टार देऊन टाकले. त्यातल्या दोघांची भाकरी अजून यायची होती.

हसू आलं. आणि आठवलं, की माल चालवून दाखवून गिऱ्हाईक पटवायचा उद्योग या गडानं फार पूर्वीच पाहिलेला आहे. 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. शिवाजी महाराज गडावर होते. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपली माणसं आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या छावणीत आला. हेतू व्यापारी होता : माल जौहरला विकायचा. त्यासाठी इंग्रजांचं निशाण फडकवून त्यांनी गडावर मारा करून दाखवला. त्या माऱ्यानं गड काही पडला नाही. जुलैत महाराज वेढ्यातून निसटले, पुढच्या वर्षी राजापूरची वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनला कैदेत दिवस काढावे लागले.

त्या छावणीत विकणारा होता, घेणारा होता. माल खरोखर कसा आहे हे सांगणारा तिऱ्हाईत तेवढा नव्हता. आज मिक्सरपासून मोबाइलपर्यंत काहीही घ्यायचं म्हटलं की आपण इंटरनेटवर त्याच तिऱ्हाईताला शोधत असतो. हजारो लोक हजर असतात, पण त्यातला तिऱ्हाईत कोण आणि रेव्हिंग्टनचा माणूस कोण, हे ओळखायचं कसं? त्यासाठी एकच प्रश्न पुरतो : तपासलेली वस्तू कोणाच्या पैशानं आली?

दुकानातून, नाव न सांगता

अमेरिकेत 1936 मध्ये ‘कन्झ्युमर्स युनियन’ सुरू झाली. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे मासिक तिचंच. कंपनीनं पाठवलेला नमुना घ्यायचा नाही, साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जाऊन रोख मोजून वस्तू आणायची आणि मासिकात जाहिरात छापायची नाही, हे तिचे नियम. कंपनी नमुना पाठवते तेव्हा चांगला निवडूनच पाठवणार, हे त्यामागचं साधं शहाणपण. ब्रिटनमध्ये 1957 साली ‘विच?’ मासिक निघालं. जर्मनीत 1964 मध्ये सरकारनंच ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ ही संस्था उभारली. तिथंही खरेदी गुपचूपच होते.

आपल्याकडे ही जाण मध्यमवर्गीय घरांतून आली. मुंबईत 1966 मध्ये काही गृहिणी आणि कार्यकर्त्या महिलांनी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू केली. तिच्या नियतकालिकाचं नाव ‘कीमत’. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याचा माल एकत्र मागवायचा, अशी तिची रीत. तिथं माल पारखणारा आणि खाणारा एकाच पंगतीत बसतो. डाळ खराब निघाली तर निवडणाऱ्याच्याही घरात तीच शिजणार! इतकं चोख परीक्षण कुठल्या स्टारांत मिळायचं?

रंगावर भुललो की

पैसे स्वतःचे असले म्हणजे परीक्षण आपोआप खरं होतं, असंही नाही. काय तपासायचं हेच चुकलं, तर प्रामाणिक माणूसही दिशाभूल करतो. उदाहरण पन्हाळ्याच्या पायथ्याशीच आहे. पन्हाळा, करवीर, कागल या तालुक्यांत गुऱ्हाळं लागतात, आणि कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बाजारात गूळ विकला जातो तो आधी डोळ्यांना. पिवळाधमक रवा दिसला की भाव चढतो, तांबूस दिसला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. मग काहिलीत हायड्रॉस या रसायनाची पावडर पडते आणि रंग उजळतो. भेंडीच्या चिकानं मळी काढून जपून उकळलेला गूळ रंगानं डावा दिसतो, म्हणून मागं पडतो. ज्यानं रंगाला पाच स्टार दिले, त्यानं एक पैसा न खाताही गुळव्याला पावडरीच्या डब्याकडं ढकललं.

म्हणून निकष आधी ठरवायचे, ते वाचकाला सांगायचे आणि मग वस्तू हातात घ्यायची. समजा कोल्हापुरातून कोणी मिक्सरचं परीक्षण करणार आहे. डब्यावरचे वॅट वाचून आमच्या भागातल्या बाईला काय कळणार? तिला हवी असते वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला. तेव्हा प्रत्येक मिक्सरला तेवढ्याच वजनाची तीच मिरची, तेच भाजलेलं सुकं खोबरं, तेच तीळ, तेवढाच लसूण द्यायचा. हातात घड्याळ धरायचं. मसाला किती मिनिटांत बारीक होतो, भांड्याच्या तळाशी जाडसर काय उरतं, मोटरीला जळका वास येतो का, झाकणाच्या वायसरमधून तेलकट पूड बाहेर येते का, हे टिपायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचं. सहा महिने घरात वापरून वॉरंटीसाठी फोन लावायचा आणि माणूस किती दिवसांनी दारात येतो तेही लिहायचं. वस्तू घरी आल्याच्या संध्याकाळी दिलेले स्टार हे खोक्याला दिलेले असतात.

पुरावा हाच आधार

मोठ्या कंपनीच्या मालाला नाव ठेवायचं तर नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही. ऑगस्ट 2003 मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’नं शीतपेयांच्या 12 ब्रँडमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. कंपन्या तुटून पडल्या. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, आणि फेब्रुवारी 2004 मध्ये तिनं संस्थेचे निष्कर्ष उचलून धरले. संस्थेच्या हातात प्रयोगशाळेचे आकडे होते. उलट, खोबरेल तेलाच्या एका नावाजलेल्या ब्रँडवर टीका करणाऱ्या यूट्यूबरचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी 2020 मध्ये एकल पीठानं व्हिडिओ काढायला सांगितलं, तर पुढच्याच महिन्यात खंडपीठानं त्या आदेशाला स्थगिती देताना काही मजकुरात बदल करायला लावले. ‘मला आवडलं नाही’ हे मत झालं, ‘यात भेसळ आहे’ हा आरोप झाला. आरोपाला कागद लागतो.

खोट्या स्तुतीवरही आता कायद्याची नजर आहे. भारतीय मानक ब्युरोनं 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस 19000’ हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं इन्फ्लुएन्सरांना बजावलं, की पैसेच नव्हे, फुकटची वस्तू किंवा मुक्काम मिळाला असेल तरी ते ठळकपणे सांगा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग हे परवडणार कसं?

चार हजारांचा एक धरला तरी दहा मिक्सरना 40 हजार रुपये जातात. तपासून झाल्यावर अर्ध्या किमतीत विकले, तरी 20 हजारांचा खड्डा पडतोच. जाहिरात घ्यावी तर ती देणारी कंपनी उद्या तपासणीच्या रांगेत उभी. खरेदीच्या लिंकवर कमिशन घेता येतं, आणि ते उघड सांगितलं तर पापही नाही. पण त्यात एक मेख आहे : ‘यातला एकही घेऊ नका, घरातला जुनाच दुरुस्त करा’ या सल्ल्यावर कमिशन मिळत नाही. आणि कित्येकदा खरा सल्ला तोच असतो.

राहिला वाचक. त्यानं वर्गणी भरली, तरच तिऱ्हाईत तिऱ्हाईत राहतो. चार हजारांच्या वस्तूबद्दलच्या खऱ्या बोलासाठी पदरचे शंभर रुपये मोजायला आपण कां-कूं करतो. त्यामुळे ते पैसे दुसरंच कोणी तरी भरतं, आणि आपल्याला वाटतं सल्ला फुकट मिळाला.

जेवण झालं. पोऱ्यानं कार्डाकडं बोट दाखवलं. म्हटलं, ‘सोलकढी आण, पण बिलात लाव.’ त्यानं जरा चमकून पाहिलं आणि आणली. पैसे दिले, आणि मग मोबाइल काढून लिहिलं : भाकरी गरम, खर्डा फर्मास, सोलकढी पाणचट.