वैद्यकीय संशोधनासाठी नाव देताय? आधी विचारा, मग सही करा

डायबेटिस असेल तर रमजानचे रोजे ठेवावेत का, गोळीची वेळ कशी बदलायची, इन्सुलिन किती घ्यायचे, हे आज डॉक्टर आपल्याला समजावून सांगतात. ही माहिती आली कुठून? २००१ मध्ये १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांनी ‘एपिडायर’ नावाच्या अभ्यासात भाग घेतला. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजे ठेवल्याचे त्यातून दिसले. त्या महिन्यात साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रमाण बरेच वाढते, हेही कळले. त्या लोकांनी नाव दिले नसते, तर आपल्या घरातल्या अम्मी-अब्बांना आजही अंदाजानेच सल्ला मिळाला असता.

असेच एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर महिला केईएम रुग्णालयाच्या अभ्यासात सहभागी झाल्या. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन साधारण २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. मात्र आपली बाळे दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त होते. भारतीयांना मधुमेह लवकर का गाठतो, हे समजायला या अभ्यासाची मोठी मदत झाली.

म्हणजे संशोधनात आपली माणसे नसतील, तर आपल्या शरीराचे आणि आपल्या जगण्याचे प्रश्न बाहेरच राहतात. तरीही मेडिकल कॉलेजमधून किंवा विद्यापीठातून कोणी विचारायला आले की अनेक घरांत पहिला प्रश्न येतो, “आमच्यावर प्रयोग करणार का?” ही भीती काही उगाच नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. त्यात अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या असल्याचे चौकशीत समोर आले. संसदीय समितीनेही त्यावर कडक टीका केली. इथे प्रश्न लस चांगली की वाईट हा नव्हता. घरच्यांना नीट न विचारता सह्या झाल्या, हा होता.

त्यानंतर नियम कडक झाले. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम लागू आहेत. प्रत्येक चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यात कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक आणि किमान एक महिला असावीच लागते. सहभागी व्यक्तीला वाचता येत नसेल, तर समजावून सांगताना त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे.

एक फरक मात्र नीट लक्षात घ्यायला हवा. उपचार तुम्हाला बरे करण्यासाठी असतात. संशोधन एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी असते. त्याचा फायदा तुम्हाला होईलच असे नाही. काही चाचण्यांत निम्म्या लोकांना औषध नसलेली, पण दिसायला तशीच गोळी दिली जाते. म्हणून सही करण्यापूर्वी हे जरूर विचारा:

- हा उपचार आहे की संशोधन? नकार दिला तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना?
- काय करणार? फक्त प्रश्न विचारणार, रक्त घेणार की औषध देणार?
- रक्ताचा नमुना किती दिवस ठेवणार? माझे नाव कोणाला कळणार?
- रमजानमध्ये औषधाच्या वेळेचे काय? कॅप्सूलचे जिलेटीन कशाचे आहे?
- तपासणीसाठी महिला डॉक्टर मिळेल का?
- त्रास झाला तर रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा?

नेहमीच्या उपचारांपलीकडचा, संशोधनासाठीचा खर्च सहभागी व्यक्तीकडून घ्यायचा नसतो. कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा.

मोहल्ल्यातल्या जबाबदार मंडळींनी किंवा जमातच्या अध्यक्षांनी परवानगी दिली, म्हणजे तुमची संमती झाली असे होत नाही. बायकोच्या वतीने नवऱ्याने ‘हो’ म्हणून चालत नाही. घरात सल्लामसलत जरूर करा, पण ज्याच्या अंगाला सुई लागणार, त्याचाच होकार मोजला जातो. सही केल्यानंतरही कधीही बाहेर पडता येते आणि त्याचे कारण देण्याची सक्ती नाही.

माहितीपत्रक मराठीत किंवा उर्दूत, तुम्हाला समजेल त्या भाषेत मागा. ते घरी आणा, शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्या. औषधाची चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक विचारा. २००९ पासून भारतात अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणे बंधनकारक आहे आणि ती इंटरनेटवर कोणालाही मोफत पाहता येते. संमतीपत्राची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. ती औषधांच्या फाईलमध्येच ठेवा.