कॅमेऱ्याला मान दिसत नाही

'मणक्यात गॅप आलाय' हे आपल्याकडचं लाडकं निदान मोठं गमतीचं आहे. मानेच्या दोन मणक्यांमधली गादी वयानुसार वाळते, चपटी होते आणि मणके एकमेकांच्या जवळ सरकतात. म्हणजे गॅप येत नाही, असलेला जातो. तरीही शब्द रुजला, कारण त्यातून डोळ्यांपुढे एक सोयीचं चित्र उभं राहतं: काहीतरी जागेवरून हललंय, ते परत जागेवर बसवलं की झालं. मानेच्या व्यायामासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी ॲप्स नेमकं हेच चित्र विकतात. फोन समोर ठेवा, कॅमेरा तुमच्या मानेचा कोन मोजेल, चुकलात की टोकेल आणि गादीचा त्रास घरबसल्या मिटेल. कृत्रिम बुद्धिमत्तेला फिजिओथेरपीत जागा नाही असं मुळीच नाही, चांगली हक्काची जागा आहे. पण सध्या कॅमेरा रोखलाय तो भलत्याच ठिकाणी.

मुळात फोनला माणूस दिसतो कसा? गूगलनं २०२० मध्ये आणलेलं ब्लेझपोज हे मॉडेल चित्रातल्या माणसावर ३३ बिंदू ठेवतं. त्यांतले ११ चेहऱ्यावर: नाक, डोळे, कान, ओठांची टोकं. त्यानंतरचे दोन थेट खांद्यांवर. कान आणि खांदा यांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे सात मणके आणि सहा गाद्या बसल्या आहेत, तिथे एकही बिंदू नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातून आलेल्या ओपनपोजमध्ये 'मान' नावाचा बिंदू आहे खरा. पण त्याच्या १८ बिंदूंच्या मांडणीत तो पाहून ठेवलेला नसतो, दोन खांद्यांच्या मध्यावर गणितानं टेकवलेला असतो. मान म्हणजे दोन खांद्यांची सरासरी! आता अशा कॅमेऱ्यापुढे हनुवटी आत ओढण्याचा साधा व्यायाम करून बघा. डोकं न वाकवता हनुवटी सरळ मागे न्यायची. हालचाल जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची आणि तीही समोरच्या फोनपासून थेट लांब जाणारी. एकाच कॅमेऱ्याला जवळ-लांबचा अंदाज हाच सगळ्यांत कच्चा विषय. फोन बाजूला ठेवावा तर हालचाल नीट टिपली जाते, पण मग पडद्यावरची सूचना वाचायला मान वळवावी लागते.

कॅमेरे सुधारतील, असं यावर कुणी म्हणेल. सुधारतीलच. पण उद्या कॅमेऱ्याला कातडीआडची गादीसुद्धा दिसू लागली असं धरून चालू. तेवढं तर एमआरआयला आजच दिसतं, आणि त्यातून काय निघालं ते पाहण्यासारखं आहे. जपानमध्ये १,२११ धडधाकट स्वयंसेवकांच्या मानेचे एमआरआय काढले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या बाहेर फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या पोरांतही दर चारांतल्या साधारण तिघांची हीच गत, आणि कुणाला काही त्रास नव्हता. फुगलेली गादी दिसणं आणि ती दुखणं यांत एवढं अंतर असेल, तर नुसत्या कोनाची काय कथा? फोनमध्ये डोकं ६० अंश घातलं की मानेवर २७ किलोंचा भार येतो, हा आकडा तुम्हीही व्हॉट्सॲपवर वाचला असेल. तो २०१४ च्या एका संगणकीय प्रतिकृतीतून आलेला आहे. त्यात रुग्ण नव्हते, आणि कुणाची मान दुखते का हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

मग फिजिओथेरपिस्टला तरी गादी कुठे दिसते? दिसत नाहीच. पण तो बघण्याखेरीज आणखी काही करतो. १९४४ मध्ये ग्लेन स्पर्लिंग आणि विल्यम स्कोव्हिल या अमेरिकी न्यूरोसर्जनांनी मानेतली नस दबली आहे का हे ओळखायची एक चाचणी सांगितली: मान दुखऱ्या बाजूला कलवून डोक्यावर वरून दाब द्यायचा, आणि कळ हातात उतरते का विचारायचं. २००३ च्या एका अभ्यासानं या चाचणीला आणखी तीन जोडल्या: डोकं हलकेच वर ओढल्यावर कळ कमी होते का, हात ठरावीक रीतीनं ताणल्यावर वाढते का, आणि मान दुखऱ्या बाजूला ६० अंशांपेक्षा कमी वळते का. चारही जुळल्या तर नस दबल्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. यांतली शेवटची तेवढी कॅमेऱ्याला जमेल. उरलेल्या तिन्हींना हात लागतो, तोही दाब कुठे थांबवायचा हे कळणारा.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे. तालुक्याच्या गावात फिजिओथेरपिस्ट मिळत नाही, शहरात वेळ मिळत नाही. मग अर्धंमुर्धं ॲप काहीच नसण्यापेक्षा बरं नाही का? असेलही, पण ते ठरवायला तुलना हवी, कारण मानेच्या गादीचं दुखणं बऱ्याचदा आपोआपही ओसरतं. पुढे तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेचे संचालक झालेले डॉ. कुरुपथ राधाकृष्णन यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये मानेची नस दबलेल्या ५६१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. तो अभ्यास १९९४ चा. साधारण चौथ्या हिश्शाला शस्त्रक्रिया लागली, पण शेवटच्या तपासणीपर्यंत ९० टक्के लोकांचा त्रास गेला तरी होता किंवा किरकोळ उरला होता. अशा दुखण्यात तुलनागट न ठेवता काहीही दिलं, तरी यश तुमच्या पदरात पडतंच. नॉर्वेत तुलना केली गेली. तज्ज्ञांकडे पाठवलेल्या, मान किंवा कंबर दुखणाऱ्या २९४ रुग्णांपैकी काहींना सेल्फबॅक हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं ॲप दिलं, काहींना नुसतीच नेहमीची देखभाल. २०२३ मध्ये निकाल आला: ॲपचा नजरेत भरेल असा जादा फायदा नाही.

इथेच थांबलं तर मात्र अन्याय होईल. अमेरिकेत माजी सैनिकांच्या जुनाट पाठदुखीवर झालेल्या एका चाचणीत यंत्राला वेगळंच काम दिलं होतं. उपचार होता वर्तनोपचाराचा, फोनवरून. रुग्ण रोज पावलांची संख्या आणि दुखण्याची हकिकत कळवायचे. त्यावरून यंत्र ठरवायचं, याला या आठवड्यात थेरपिस्टशी ४५ मिनिटं बोलायची गरज आहे, १५ मिनिटं पुरतील, की नुसता ध्वनिमुद्रित निरोप चालेल. २७८ रुग्णांच्या या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला. गुण नेहमीच्या उपचाराइतकाच, आणि थेरपिस्टचा वेळ लागला निम्म्याहून कमी. यंत्रानं उपचार केला नाही, माणसाचा वेळ वाटून दिला. तालुक्याच्या गावाला खरी गरज याच हिशेबाची आहे.

मानेच्या बाबतीत ही वाटणी करताना एक गोष्ट चुकून चालत नाही: गादी बाजूची नस न दाबता मागचा मज्जारज्जूच दाबत असेल तर. अशा वेळी बऱ्याचदा मान फारशी दुखतही नाही. शर्टाचं बटण लागेनासं होतं, सही बिघडते, चालताना तोल जातो. ओसाकाचे केइरो ओनो आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये यासाठी फुकटातली चाचणी दिली. दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघड-मिट होते ते मोजायचं. निरोगी माणूस वीस तरी करतो. मज्जारज्जू दबलेल्याची बोटं अडखळतात, पूर्ण उघडतच नाहीत. जपानमध्येच अलीकडे बोटांची ही उघड-मिट स्पर्शाविना टिपणारा सेन्सर आणि मशीन लर्निंग यांची सांगड घालून पाहिली गेली आहे. मज्जारज्जू दबण्याच्या या विकाराचं निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेल्याचं एका पाहणीत दिसलंय, आणि तोवर रुग्ण मुकाट्यानं मानेचे व्यायाम करत असू शकतो. मानेवर एकही बिंदू न ठेवणाऱ्या गूगलचंच दुसरं एक मॉडेल एका पंजावर मात्र २१ बिंदू ठेवतं.