कॉम्प्युटरवरचा कागद ३० सेकंदांत कसा सापडेल? दुकानासाठी फोल्डरची साधी पद्धत



मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, "ताई, आम्ही सगळं स्कॅन करून ठेवतो, पण ऐनवेळी सापडत नाही. काय करायचं?" व्हिडिओत मी स्क्रीनवर दाखवलंच आहे, पण नावं आणि क्रम लिहून समोर असले की करायला सोपं जातं. म्हणून हा लेख. कॉम्प्युटर सुरू करा आणि वाचता वाचता करत चला.

आधी एक गोष्ट पक्की करा

आपण फोल्डर करतो ते कागद कुठे "ठेवायचा" याचा विचार करून. बिलं एका फोल्डरमध्ये, फोटो दुसऱ्यात, पीडीएफ तिसऱ्यात. पण कागद ठेवताना आपल्याला घाई नसते, शोधताना असते. त्यामुळे विचार उलटा करा: हा कागद उद्या मागायला कोण येणार, आणि तो हातात काय माहिती घेऊन येणार?

माझं इलेक्ट्रिकल सामान आणि पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. माझ्याकडे कागद मागणारे हे असे येतात:

- गिऱ्हाईक येतं: "मागच्या उन्हाळ्यात मोटर नेली होती, वॉरंटीत आहे का बघा." त्याच्याकडे असतं आडनाव, मोबाइल नंबर आणि ती मोटर.
- सीए विचारतात: "जूनची खरेदीची बिलं पाठवा." त्यांच्याकडे असतो महिना.
- जीएसटी खात्याची विचारणा येते. तिच्यात असतं आर्थिक वर्ष, आणि बऱ्याचदा बिल नंबर.
- बँक म्हणते: "उद्यम सर्टिफिकेट आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट द्या." तिच्याकडे असतं कागदाचं नाव.
- आपणच विचारतो: "अमुक पार्टीकडून किती येणं आहे आणि पुरावा काय?" आपल्याकडे असतं पार्टीचं नाव.

बघा, प्रत्येक जण वेगळ्या दाराने येतोय. फोल्डर मात्र एकाच क्रमाने लावता येतात. म्हणून काम वाटून द्यायचं. वर्ष आणि महिना फोल्डर सांभाळतील. नाव, बिल नंबर, मोबाइल हे फाइलचं नाव सांभाळेल. आजचा सगळा लेख या एका वाक्यावर उभा आहे.

पायरी १: सगळ्याला एकच घर

डेस्कटॉप, डाउनलोड आणि व्हॉट्सअ‍ॅप या तीन ठिकाणी दुकानाचे कागद विखुरलेले असतात. डी ड्राइव्हवर "दुकान" नावाचा एकच फोल्डर करा. डी का? विंडोज बिघडलं आणि कॉम्प्युटरवाल्याने फॉरमॅट मारलं की साधारणपणे सी ड्राइव्ह पुसला जातो, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हवरच असतो. रोज उघडायला सोपं जावं म्हणून डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट ठेवा, मूळ फोल्डर नको.

पायरी २: आत फक्त सहा फोल्डर

००-आलेले
०१-कायमचे
०२-चालू वर्ष २०२५-२६
०३-पार्ट्या
०४-वॉरंटी
०९-जुनी वर्षं

पुढे आकडे आहेत म्हणून क्रम कधी बदलत नाही. एका आकड्याऐवजी दोन आकडे घाला, कारण काही ठिकाणी "१०" हे "२" च्या आधी येऊन बसतं.

"कायमचे" मध्ये पॅन, जीएसटी नोंदणी, उद्यम, गुमास्ता, भाडेकरार, खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर एफएसएसएआय. मुदत संपणारा कागद असेल तर मुदत नावातच लिहा: "भाडेकरार मुदत-२०२७-०३-३१". फोल्डर उघडला की तारीख डोळ्यांसमोर.

"चालू वर्ष" मध्ये खरेदी, विक्री, खर्च, बँक, जीएसटी, पगार. आणि या प्रत्येकात महिने.

महिन्यांची गंमत बघा. एप्रिल, मे, जून असं नाव दिलंत तर कॉम्प्युटर ते अक्षरांच्या क्रमाने लावतो. इंग्रजीत लिहिलंत तर एप्रिलनंतर ऑगस्ट आणि मग डिसेंबर! त्याऐवजी नाव द्या २०२५-०४, २०२५-०५, असं २०२६-०३ पर्यंत. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आपोआप क्रमाने लागतं.

यापेक्षा खोल जाऊ नका. "दुकान" उघडल्यापासून तीन क्लिकमध्ये फाइल दिसली पाहिजे. फोल्डरमध्ये फोल्डर आणि लांबलचक नावं केली की आणखी एक अडचण येते. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता नेहमीच्या सेटिंगमध्ये साधारण २६० अक्षरांच्या आत लागतो. त्यापुढे गेलं की कॉपी करताना फाइल अडकते.

पायरी ३: फाइलचं नाव, इथेच खरी कमाई आहे

स्कॅनर किंवा मोबाइल जे नाव देतो ते म्हणजे "स्कॅन-००४७". यातून काहीच कळत नाही. आपला साचा असा ठेवा:

तारीख, पार्टी, कागदाचा प्रकार, नंबर.

उदाहरणार्थ: २०२५-०६-१४ जाधव-४४१७ बिल-०१८७

चार गोष्टी लक्षात घ्या.

एक, तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच. आपण बोलताना १४-०६-२०२५ म्हणतो, पण तसं लिहिलं तर सगळ्या महिन्यांच्या १४ तारखा एकत्र येतात. आणि तारीख कागदावरची घ्या, स्कॅन केल्याची नाही.

दोन, आडनावापुढे मोबाइलचे शेवटचे चार आकडे. एका गावात जाधव किती असतात ते तुम्हाला सांगायला नको! व्यापारी पार्टी असेल तर तिचं एकच ठरलेलं नाव वापरा. आज "श्री इलेक्ट्रिकल", उद्या "श्री इले." असं केलं की शोध फसला.

तीन, बिल नंबर. जीएसटीत बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा लागतो. त्यात तिरपी रेघ चालते, म्हणून बरेच जण २५-२६/०१८७ असा नंबर घेतात. पण विंडोज फाइलच्या नावात तिरपी रेघ घेत नाही. मग कोणी टिंब देतं, कोणी जागा सोडतं, आणि एकाच नंबरचे तीन अवतार होतात. नवीन मालिका सुरू करणार असाल तर बिल नंबरातच आडवी छोटी रेघ वापरा. ती दोन्हीकडे चालते.

चार, मी इथे नावं देवनागरीत लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर मराठी चालतं. पण दुकानात दोघं-तिघं काम करत असतील तर एकच लिपी ठरवा, आणि आकडे इंग्रजीच टाइप करा. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी झालं तर शोधताना दोनदा शोधावं लागेल.

नाव बदलायला फाइलवर एकदा क्लिक करून एफ-टू दाबा. शोधायला "दुकान" फोल्डर उघडा आणि उजवीकडे वरच्या शोधाच्या चौकटीत "४४१७" टाका. बिल विक्रीत असो, वॉरंटी कार्ड वॉरंटीत असो, दोन्ही समोर येतील. वॉरंटीच्या फाइलला मोटरचा सिरीयल नंबरही जोडा. गिऱ्हाइकाला नाव लागत नसेल, पण मोटरवरचा नंबर वाचता येतो.

पायरी ४: उधारी असेल तर तीन कागद एका धाग्यात

आता पैशाची गोष्ट. समजा तुम्ही फरसाण बनवून एका मोठ्या दुकानाला देता आणि पैसे अडकलेत. उत्पादन करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना एमएसएमई कायद्याने संरक्षण दिलं आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर अर्जही करता येतो.

पण हे दिवस कधीपासून मोजायचे? माल स्वीकारल्यापासून. समोरच्याने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तो दिवस धरतात. म्हणजे तुमचा दावा उभा राहतो तो सही-शिक्क्याच्या चलनावर. आणि नेमकं तेच चलन टेम्पोवाल्याच्या खिशातून कुठे जातं ते कळत नाही.

म्हणून "०३-पार्ट्या" मध्ये प्रत्येक उधारीच्या पार्टीचा फोल्डर करा. त्यात ऑर्डर आणि सही झालेलं चलन. बिल मात्र विक्रीच्या महिन्यातच राहील. एका कागदाला एकच घर, दोन कॉपी नाहीत. दोन कॉपी झाल्या की एकीत दुरुस्ती होते, दुसरी तशीच राहते. मग जोडायचं कसं? ऑर्डर आणि चलन या दोघांच्या नावात बिल नंबर घाला: "२०२५-०६-१५ चलन-सही बिल-०१८७". आता "०१८७" शोधलं की तिन्ही कागद एका रांगेत येतात.

पायरी ५: रोज दहा मिनिटं

दिवसभर गडबडीत नाव द्यायला वेळ नसतो, हे मलाही माहीत आहे. म्हणून "००-आलेले". दिवसभराचं सगळं तिथे टाका. शटर ओढायच्या आधी दहा मिनिटांत नाव देऊन ज्याच्या त्याच्या घरी पाठवा. नियम एकच, रात्री हा फोल्डर रिकामा दिसला पाहिजे.

जुनं काय करायचं?

एक एप्रिलला चालू वर्षाचा फोल्डर "जुनी वर्षं" मध्ये सरकवा आणि नवीन करा. पुसू नका. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. २०२२-२३ चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत होतं, म्हणजे ते कागद ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. त्यावर अपील किंवा चौकशी सुरू असेल तर त्याहूनही पुढे. फोल्डरच्या नावातच लिहून टाका: "२०२२-२३ ठेवा-२०२९-१२-३१".

रिटर्नमधल्या तफावतीबद्दल एएसएमटी-१० ही नोटीस येते तेव्हा खुलाशाला जास्तीत जास्त ३० दिवस मिळतात, सीएंनी मागून घेतले तर थोडे वाढतात. ते दिवस खुलासा लिहिण्यात जायला हवेत, बिलं शोधण्यात नाही.

मूळ कागदही फेकू नका. स्कॅन शोधण्यासाठी आहे. सही-शिक्क्याचा मूळ कागद फाइलला लावा आणि वर्षाच्या बॉक्समध्ये ठेवा.

बॅकअपबद्दल दोनच गोष्टी. "दुकान" फोल्डर आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क घरी ठेवा. गुगल ड्राइव्हला फोल्डर जोडला असेल तरीही हे करा, कारण जोडलेल्या फोल्डरमधली फाइल इथे पुसली की तिथूनही जाते. आणि टॅली वापरत असाल तर टॅलीच्या डेटा फोल्डरला नवीन नाव देऊ नका, हलवू नका. त्याचा बॅकअप टॅलीमधूनच घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

जुने सगळे कागद आज लावायला बसू नका, दोन दिवसांत कंटाळाल. डेस्कटॉपवरचं सगळं उचलून "जुनं-लावायचं" या फोल्डरमध्ये टाका. नवीन पद्धत आजच्या तारखेपासून सुरू करा. जुन्यातलं ज्या दिवशी जे लागेल, ते शोधल्यावर लगेच नाव देऊन योग्य जागी ठेवा. जे खरंच लागतं ते असं काही महिन्यांत आपोआप लागून जातं.

शनिवारी परीक्षा घ्या. घरातल्या किंवा दुकानातल्या कोणाला तरी खुर्चीवर बसवा, तुम्ही बाजूला उभे राहा, आणि तीन गोष्टी मागा: एका गिऱ्हाइकाचं बिल, एका महिन्याचं बँक स्टेटमेंट, एका पार्टीचं सहीचं चलन. मोबाइलवर ३० सेकंद लावा. तुम्ही स्वतः शोधलंत तर ती परीक्षा नाही, कारण तुम्हाला आठवत असतं. तुम्ही माल आणायला गेला असताना मागे दुसऱ्याला सापडलं, तरच पद्धत बसली.

कुठला कागद ३० सेकंदांत सापडला नाही ते कमेंटमध्ये लिहा. तुमचा धंदा कोणता तेही लिहा, म्हणजे पुढच्या व्हिडिओत त्या धंद्याचे फोल्डर करून दाखवते.