हेलिकॉप्टर उतरायचं कुठे?

मराठवाड्यातल्या खेड्याला हेलिकॉप्टर काही नवं राहिलेलं नाही. निवडणूक लागली की गावाबाहेरच्या माळावर रोलर फिरतो, धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलं जातं, चुन्याचं वर्तुळ आखलं जातं आणि कडेला डॉक्टरांसह एक रुग्णवाहिका उभी राहते. ती अर्थात पाहुण्यांसाठी असते. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात आणि शेजारच्या धाराशिवमधल्या परांडा तालुक्यात पुराने वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरनेच बाहेर काढावं लागलं. सभेसाठी हेलिकॉप्टर येतं, पुरात येतं, मग पान लागलेल्या शेतकऱ्यासाठी किंवा अडलेल्या बाळंतिणीसाठी का येत नाही, हा प्रश्न त्यामुळे रास्तच आहे. मात्र त्याचं ‘आलंच पाहिजे’ हे उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. रुग्णाला उचलायला हेलिकॉप्टर थेट गावात आणणं हा बीडसारख्या जिल्ह्यात पैशाचा सर्वांत कमी उपयोगाचा खर्च ठरेल. तेच हेलिकॉप्टर अंबाजोगाईत उतरलं, तर मात्र त्याला अर्थ आहे.

केज तालुक्यातलं युसूफ वडगाव घेऊ. मांजरा खोऱ्यातलं, पोलीस ठाणं आणि प्राथमिक आरोग्य केंद्र असलेलं हे गाव. तालुक्याच्या ठिकाणी, केजला, उपजिल्हा रुग्णालय आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यापाड्यांसाठी म्हणून १९७०च्या दशकात मुद्दाम उभी केलेली ही संस्था युसूफ वडगावपासून रस्त्याने तासाभराच्या आत गाठता येते. आता समजा, छत्रपती संभाजीनगरला एक हेलिकॉप्टर रुग्णांसाठी सज्ज ठेवलं. तिथून युसूफ वडगाव सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे उड्डाण साधारण चाळीस मिनिटांचं. त्याआधी निरोप, हवामानाची खातरजमा, परवानगी आणि इंजिन सुरू होण्याचा वेळ. गावावर पोचल्यावर विजेच्या तारा, झाडं आणि जमलेली गर्दी टाळून जागा शोधायची, रुग्णाला आत घ्यायचं, बांधायचं आणि परत चाळीस मिनिटं उडायचं. सगळं सुरळीत झालं तरी दोन तास जातात. तोवर साधी जीपही अंबाजोगाईच्या अपघात विभागाच्या दारात उभी असते. तळ लातूरला हलवला तर उड्डाणाचा वेळ घटेल, पण बाकीची मिनिटं तेवढीच राहतील आणि शर्यत फार तर बरोबरीत सुटेल. तीही दिवसाउजेडी. रात्री, दिवे नसलेल्या शेतात, तारांच्या जाळ्यात हेलिकॉप्टर उतरवणं हा पायलट आणि रुग्ण दोघांच्याही जिवाशी खेळ आहे, आणि संकटं काही दिवसाची वेळ बघून येत नाहीत.

मण्यारचंच बघा. हा साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा जागही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. या माणसाला त्या घटकेला हवा असतो तो त्याचा श्वास चालू ठेवणारा हात. तोंडावर मास्क धरून रबरी अंबू पिशवी दाबत राहायचं. लयीत, न थांबता, लागलं तर तासभर, लागलं तर व्हेंटिलेटर मिळेपर्यंत. सोबत सर्पविषावरची लस, ती बहुधा दहा कुप्यांपासून सुरू होते, आणि तिची ॲलर्जी उठलीच तर हाताशी भरून ठेवलेलं ॲड्रिनलिन. घोणसचा दंश असेल तर वेगळी परीक्षा: दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विष अंगात भिनलंय. याला प्रयोगशाळा लागत नाही, वीजही लागत नाही. एक काचेची नळी, एक घड्याळ आणि ते बघायला शिकलेला माणूस एवढंच लागतं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजारांच्या आसपास मृत्यू झाले असावेत, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासाने २०२० मध्ये मांडला. यातले बहुतेक खेड्यातले आणि पुष्कळसे दवाखान्याबाहेरचे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठरवलं आणि त्याच वर्षी राज्यांना प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. नोंद सुरू झाली की कुठल्या केंद्रात लस टोचली जाते आणि कुठून रुग्ण नुसताच ‘रेफर’ होतो, हेही उजेडात येईल. लस कपाटात असते, पण रिॲक्शन आली तर सांभाळणार कोण, या धास्तीने ती तिथेच राहते. ही धास्ती घालवायला प्रशिक्षण लागतं. पंखे कितीही मोठे असले तरी ते काम त्यांच्याने होत नाही.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा मराठी मुलखातलाच आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडला डॉक्टर म्हणून गेले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत दगावत होती. विंचवाच्या विषाने शरीरातली संप्रेरकं उसळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून हा क्रम टिपला. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर चालते हे दाखवलं आणि ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडलं. तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असलेला मृत्यूदर एक-दोन टक्क्यांवर आला. या सगळ्यात वाहतुकीचा वेग कुठेच वाढला नव्हता. महाडचे घाट तेच होते, रस्ते तेच होते. उपचार रुग्णाच्या जवळ आला, इतकंच घडलं. अंतर दोन बाजूंनी कापता येतं, आणि आपल्याकडे मात्र आरोग्यावरची चर्चा नेहमी गाडीच्या बाजूनेच सुरू होते.

यावर कोणी ऑस्ट्रेलियाचा दाखला देईल, आणि द्यावाच. १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधल्या क्लॉन्करी गावातून तिथल्या उडत्या डॉक्टरांचं पहिलं विमान उडालं, आणि ती सेवा आज जगात नावाजलेली आहे. पण तिची गोष्ट सांगताना विमानाचाच भाग सांगितला जातो. ही सेवा उभारणाऱ्या जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाला पुरतं ठाऊक होतं की निरोपच पोचत नसेल तर विमान निरुपयोगी आहे. म्हणून १९२९ मध्ये आल्फ्रेड ट्रेगर यांचा पायाने पॅडल मारून चालणारा रेडिओ आला. वीज नसलेल्या पशुपालकाच्या घरातून डॉक्टरशी बोलता येऊ लागलं. मग १९४२ पासून घराघरांत औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या. त्यातल्या प्रत्येक औषधाला नंबर होता, म्हणजे डॉक्टरने रेडिओवर अमुक नंबरची गोळी द्या म्हटलं की औषधाचं नाव वाचता न येणाऱ्यालाही ती सापडायची. विमान पाठवायचं की गोळीवर भागेल, हे त्या बोलण्यातून ठरत असे. तिथे एका वस्तीपासून दुसरी शेकडो किलोमीटर दूर, म्हणून विमान अटळ होतं. तरीही त्यांनी नुसत्या विमानावर न थांबता रेडिओ आणि पेटी यांची सोय लावली.

भूगोलाचा हा मुद्दा आपल्याच राज्यालाही लागू होतो. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. तिथून रुग्णांना पोलिसांच्या हेलिकॉप्टरने हलवल्याच्या घटना घडल्या आहेत आणि तिथे तो खर्च योग्यच आहे, कारण रस्ता नावाची गोष्टच पाण्याखाली असते. उत्तराखंडातही तसंच. ऋषिकेशच्या एम्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘संजीवनी’ ही हेलिकॉप्टर सेवा सुरू केली, कारण डोंगरातला दहा किलोमीटरचा पल्ला रस्त्याने तासाचा होतो. मे २०२५ मध्ये त्याच सेवेचं हेलिकॉप्टर केदारनाथला उतरताना आदळलं आणि शेपटाकडून मोडलं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. सेवा वाईट आहे असा याचा अर्थ नाही. प्रत्येक उड्डाणात धोका असतो, आणि दुसरा मार्ग नसेल तिथेच तो पत्करायचा, एवढाच त्याचा अर्थ. केज तालुका डोंगरकड्यांचा नाही. एरवी इथे रस्ता असतो. पुराने तो गिळला तर हेलिकॉप्टर बोलवावंच, पण ते आपत्ती निवारणाचं काम झालं आणि ते लष्कराच्या मदतीने होतंही. रोजच्या आजाराची व्यवस्था त्यावर बेतता येत नाही.

खरा टोचणारा आक्षेप वेगळा आहे. शहरातल्या धनिकाला एअर ॲम्ब्युलन्स आणि खेड्यातल्या माणसाला काचेची नळी, हा कसला न्याय? मराठवाड्याने अनुशेषाचं राजकारण पुरेसं भोगलंय, त्यामुळे ‘तुम्हाला एवढंच पुरे’ हे वाक्य इथे कोणालाही सहन होणार नाही, आणि होऊही नये. पण उणीव नेमकी कुठे आहे, ते बघावं. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, अंबाजोगाईत २२ मृतदेह एकाच रुग्णवाहिकेत कोंबून स्मशानात नेले गेले. देशभर त्याची छायाचित्रं फिरली आणि गाड्या पुरेशा नाहीत हे कारण पुढे आलं. ज्या ठिकाणी चाकांवरची गाडी कमी पडते, तिथे पंखांची मागणी करणं म्हणजे प्रशासनाला पळवाट देणं आहे. एक हेलिकॉप्टर, एक उद्घाटन, आणि १०८च्या गाडीला डिझेल, टायर, डॉक्टर मिळतो का हा प्रश्न पुन्हा पाच वर्षं बासनात. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ची सेवा ९३७ गाड्यांनी सुरू झाली. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ प्राथमिक स्वरूपाच्या. गाडीत चालकासोबत डॉक्टर असणं हे या सेवेचं वैशिष्ट्य. खेड्याला न्याय द्यायचाच तर पहिला हिशेब त्या गाड्यांचा मागावा: प्रगत गाडी युसूफ वडगावपासून किती मिनिटांवर उभी असते आणि रात्री दोन वाजता तिच्यात डॉक्टर असतो का.

शिवाय सगळा उशीर काही रस्त्यावर होत नाही. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात तीन उशीर वेगळे करून दाखवले: दवाखान्यात जायचं ठरवण्यातला, तिथे पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. हेलिकॉप्टर फार तर मधला कापतं. बीडमधली ऊसतोडीवर गेलेली बाई कळा सुरू झाल्यावरही मुकादमाच्या उचलीचा आणि बुडणाऱ्या मजुरीचा विचार करून फडातच थांबते. तो पहिला उशीर. केंद्रातून केज, केजहून अंबाजोगाई, तिथून पुढे कुठे, अशी चिठ्ठी हातात घेऊन नातेवाईक भाड्याची गाडी शोधत फिरतात. तो तिसरा उशीर, दर टप्प्यावर नव्याने सुरू होणारा. पुढच्या दवाखान्याला आधी फोन करून ‘असा रुग्ण निघालाय, खाट आणि रक्त तयार ठेवा’ एवढं सांगायची सक्ती झाली, तरी पुष्कळ मिनिटं वाचतील. तिला निधी जवळजवळ लागतच नाही, आणि बहुधा म्हणूनच तिचं उद्घाटन कोणी करत नाही.

आता अंबाजोगाईचं. डोक्याला जबर मार लागलेला दुचाकीस्वार, मोठा भाजलेला रुग्ण, जन्मतःच हृदयात दोष असलेलं बाळ, अशा काहींना तज्ज्ञ शल्यचिकित्सा पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर इथेच मिळू शकते. पुणं रस्त्याने कित्येक तासांचं, आणि इथे आकाशमार्ग खरोखर तास वाचवतो. रुग्ण तोवर स्थिर केलेला असतो, नळ्या घातलेल्या असतात, कुठे न्यायचा ते ठरलेलं असतं आणि उतरायची जागा कायमची, दिव्यांची, कुंपणाची असू शकते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात किंवा लगत असा एक पक्का हेलिपॅड, रात्रीच्या दिव्यांसह, आणि मराठवाड्यासाठी सामायिक असं एक हेलिकॉप्टर ही मागणी अवाजवी नाही. तिच्यासोबत तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्या लागतील. उड्डाणाचा निर्णय ड्युटीवरचा वरिष्ठ डॉक्टर घेईल, त्यासाठी कोणाचा फोन यावा लागणार नाही. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनेतून थेट भागवला जाईल, नाहीतर लाखांच्या घरातलं बिल बघून शेतकऱ्याचं घर शेत विकायला काढेल. आणि प्रत्येक उड्डाणाची नोंद, कोणाला नेलं, कशासाठी, किती वेळात, हे नाव वगळून दरमहा जाहीर होईल. ही तिसरी अट सर्वांत अवघड जाणार आहे. हेलिकॉप्टर सरकारी असलं की ते दौऱ्यासाठी ‘तात्पुरतं’ मागितलं जातं, आणि त्या दिवशी अंबाजोगाईत कोण वाट बघत होतं, हे त्या नोंदवहीशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही.