विषाणूची माहिती आणि जोखमीची जाण

कोरोना कसा पसरतो, असे विचारल्यास खोकला, शिंक, गर्दी ही उत्तरे तुम्ही सहज द्याल. ही झाली माहिती. ‘मला काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र जोखमीच्या जाणिवेतून येते. लागण झालेला तरुण लक्षणांवाचूनही विषाणू पसरवू शकतो. जोखीम त्याच्यापेक्षा घरातील आजीला अधिक असते.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पुण्यामुंबईत कामाला गेलेली मराठवाड्यातील अनेक कुटुंबे गावी परतली. देवणीसारख्या सीमावर्ती तालुक्यातील भूमिहीन मजुराचे घर डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत अंतर राखावे तरी कोठे? सार्वजनिक नळावरून आणलेल्या दोन घागरींत वारंवार हात धुवावेत कसे? अशा घरातील विद्यार्थ्याला, मग तो दलित वस्तीतला असो वा तांड्यावरचा, नियम ठाऊक असतात; पाळण्याची सोय नसते. केवळ वर्तन मोजणाऱ्या प्रश्नावलीत तो अज्ञानी ठरतो, हा आमच्या मते प्रश्नावलीचाच दोष होय.

तेव्हा सर्वेक्षण करताना ‘मुखपट्टी का वापरावी?’ याआधी ‘घरात माणसे किती, खोल्या किती, पाणी कोठून आणता?’ हे विचारा.